तोंड वारंवार का येते? कारण वेगळे, निमित्त वेगळे

आपल्या प्रश्नाचा सारांश मला समजला तो असा. आपले वय ३२. गेली आठ वर्षे दर महिना-दीड महिन्याने आपले तोंड येते. खालच्या ओठाच्या आत आणि जिभेच्या कडेला दोन-तीन व्रण उमटतात, आठ-दहा दिवसांत भरतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा नवे येतात. एका डॉक्टरांनी जीवनसत्त्वांची कमतरता सांगितली, दुसऱ्यांनी ताण आणि तिसऱ्यांनी पोट. आपण बी-कॉम्प्लेक्स घेतले, टूथपेस्ट बदलली, आधी टोमॅटो सोडला, मग लिंबू, मग चॉकलेट, मग अक्रोड, आणि आता गहूही सोडण्याच्या विचारात आहात. तरी व्रण थांबलेले नाहीत. तेव्हा तिघांपैकी बरोबर कोण, नेमके कारण कोणते, आणि आपल्या सहा वर्षांच्या मुलीलाही हे होईल का, असे आपण विचारले आहे.

मी मुखरोगांवर उपचार करतो आणि वीसेक वर्षांच्या व्यवसायात हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला आहे, की आपली सोडलेल्या पदार्थांची यादी वाचून मला आश्चर्य वाटले नाही. फक्त ती यादी आणखी वाढू नये असे वाटले. तिन्ही डॉक्टर थोडेथोडे बरोबर असू शकतात. अडचण आहे ती ‘नेमके कारण’ या शब्दांत. या विकारात कारण आणि निमित्त या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तोंडातल्या आवरणाची व्रण होण्याची मुळातली प्रवृत्ती हे कारण, आणि त्या प्रवृत्तीला एखाद्या विशिष्ट दिवशी जागे करते ते निमित्त. दोन्ही एकाच रांगेत उभी करून त्यांतला एक गुन्हेगार शोधू लागलो, की आठ वर्षे जातात आणि ताटातले पदार्थ तेवढे कमी होतात.

पण त्याआधी, आपल्याला होणारा विकार खरोखर हाच आहे का, हे पाहून घ्यावे लागते. पुढच्या वेळी व्रण आला की चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहून ओठ उलटा करून पाहा. गोल किंवा लंबगोल, उथळ, मधोमध पिवळसर-करडा थर आणि भोवती लाल कडे असे दिसले, व्रण एक सेंटिमीटरपेक्षा लहान असला आणि उमटण्यापूर्वी एक-दोन दिवस त्या जागी चुरचुर होत असली, तर तो बहुधा अ‍ॅफ्थस व्रण. या व्रणांपैकी सुमारे ८० टक्के याच लहान प्रकारचे असतात. ते सात ते चौदा दिवसांत वण न ठेवता भरतात. एक सेंटिमीटरहून मोठे, खोल, महिना-दीड महिना टिकणारे आणि वण ठेवून जाणारे व्रण हा दुसरा, कमी आढळणारा प्रकार. तिसऱ्या प्रकारात टाचणीच्या डोक्याएवढे अनेक व्रण घोळक्याने येतात आणि कधी एकमेकांत मिसळतात. आपले वर्णन पहिल्या प्रकाराचे आहे.

जागाही बरेच सांगून जाते. हे व्रण ओठांच्या आत, गालांच्या आत, जिभेच्या कडांना व खालच्या बाजूला, म्हणजे मऊ आणि हलणाऱ्या आवरणावर येतात. घट्ट हिरडीवर किंवा टाळूच्या कठीण भागावर, आधी पाण्याने भरलेले बारीक फोड येऊन मग व्रण होत असतील, तर नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पीस विषाणूचा विचार करावा लागतो, आणि तो संसर्गजन्य असतो. अ‍ॅफ्थस व्रण संसर्गजन्य नसतात. आपल्या पेल्यातून पाणी प्यायल्याने ते मुलीला होणार नाहीत. आणखी एक खूण मी प्रत्येक रुग्णाला विचारतो: व्रण दर वेळी अगदी त्याच ठिकाणी येतो की जागा बदलतो? तो फिरता असेल तर प्रवृत्तीचा भाग मोठा. दर वेळी नेमक्या त्याच ठिकाणी येत असेल तर मी रक्ताच्या तपासण्या बाजूला ठेवून आधी त्यासमोरच्या दातावर बोट फिरवून पाहतो.

आता मूळ प्रवृत्तीविषयी. हा विकार जंतूंमुळे होत नाही. आपल्याच रोगप्रतिकारक शक्तीतल्या टी पेशी आवरणाच्या एखाद्या छोट्या भागावर चाल करून जातात आणि तो भाग झडून खाली उघडा व्रण राहतो. हे सर्वांच्या बाबतीत होत नाही, कारण ही प्रवृत्ती बऱ्याच अंशी घराण्यातून येते. सुमारे ४० टक्के रुग्णांच्या जवळच्या नात्यात कोणाला तरी हा त्रास असतो. लोकसंख्येच्या साधारण पाचव्या हिश्शाला आयुष्यात कधी ना कधी हे व्रण होतात, बहुधा लहानपणी किंवा किशोरवयात सुरू होतात आणि चाळिशीनंतर पुष्कळांचे आपोआप कमी होत जातात. या भागावर आपला ताबा नाही. मात्र ही प्रवृत्ती तीव्र करणाऱ्या काही गोष्टी तपासता येतात, आणि त्यांत पहिले नाव रक्तातल्या कमतरतांचे.

इथे आपल्या पहिल्या डॉक्टरांचे म्हणणे येते. लोह, बी१२ आणि फोलेट (गोळीत मिळते ते फोलिक अ‍ॅसिड) यांपैकी कशाची कमतरता असेल, तर तोंडाचे आवरण पातळ होते, लवकर सोलते आणि सावकाश भरते. फक्त ‘कमतरता असेल’ असे समजून गोळ्या देणे आणि कमतरता मोजून ती भरून काढणे यांत अंतर आहे. एका शिक्षिकेचे उदाहरण देतो. त्या तीन वर्षे अधूनमधून बी-कॉम्प्लेक्स घेत होत्या आणि ‘माझे रक्त चांगले आहे’ असे ठामपणे सांगत होत्या, कारण हिमोग्लोबिन १२.४ होते. फेरिटिन तपासले तेव्हा ते ७ निघाले. हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या खर्चाचे पैसे आणि फेरिटिन म्हणजे लोहाची ठेव. ठेव संपत आली तरी खर्चाचे पैसे काही काळ हातात दिसतात. बी-कॉम्प्लेक्समध्ये त्यांच्या उपयोगाचे लोह नव्हतेच. लोह भरून काढायला चार महिने लागले आणि पाळीतला अतिरक्तस्राव हे त्यामागचे कारण निघाल्याने त्यावरही उपचार करावे लागले. व्रण पूर्ण गेले नाहीत, पण दर महिन्याऐवजी वर्षातून दोन-तीनदा येऊ लागले. मी याला यश मानतो, आणि त्याही मानतात.

म्हणून तपासण्या करायच्या तर संपूर्ण रक्तगणना, फेरिटिन, बी१२ आणि फोलेट या एकत्र कराव्यात, आणि रक्त देण्यापूर्वी आपण कोणत्या गोळ्या घेत आहात हे डॉक्टरांना सांगावे, कारण गोळ्या चालू असताना बी१२ची पातळी कागदावर चांगली दिसते आणि मूळ कमतरता झाकली जाते. फक्त फोलिक अ‍ॅसिड घेत राहण्याचा धोका वेगळा आहे: त्याने रक्तक्षय सुधारल्यासारखा वाटतो आणि बी१२च्या अभावी मज्जातंतूंचे नुकसान मात्र चालूच राहते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्यांनी बी१२कडे विशेष लक्ष द्यावे. २००९ साली इस्रायलमधल्या एका चाचणीत रोज रात्री १००० मायक्रोग्रॅम बी१२ सहा महिने जिभेखाली दिल्यावर, ज्यांची पातळी मुळात ठीक होती अशांचेही व्रण कमी झाले होते. चाचणी लहान होती, पण उपाय निर्धोक आहे, त्यामुळे तपासणी झाल्यावर मी तो काही रुग्णांना करून पाहायला सांगतो. तपासणीआधी मात्र सांगत नाही.

निमित्तांकडे वळायचे तर माझ्या अनुभवात सर्वांत दुर्लक्षित निमित्त म्हणजे किरकोळ इजा. घाईत ब्रश निसटून हिरडीच्या मुळाशी लागतो, बोलताना गाल चावला जातो, कुरकुरीत पदार्थाची धार ओठाला लागते. इतरांची अशी जखम दोन दिवसांत भरून जाते. प्रवृत्ती असलेल्यांच्या तोंडात त्याच जागी व्रण उभा राहतो. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांना जिभेच्या उजव्या कडेला वर्षभर व्रण येत होता. त्यांनी सोबत तपासण्यांची जाड फाइल आणली होती. खालच्या दाढेतल्या जुन्या भरणाचा एक तुकडा उडून तिथे नखाला जाणवेल एवढीच धार राहिली होती. ती घासून गुळगुळीत करायला पाच मिनिटेही लागली नाहीत आणि व्रण पुन्हा आला नाही. तेव्हा कडक ब्रश, बसवलेल्या तारा, सैल कवळी, कडा तुटलेला दात आणि लक्ष नसताना ओठ चावण्याची सवय, या सगळ्यांची पाहणी दंतवैद्याकडून एकदा करून घ्यावी. आपला एक व्रण दर वेळी जिभेच्या कडेलाच येतो असे दिसते, म्हणून हे जरा जोर देऊन सांगत आहे.

पदार्थांविषयी मात्र मला आपल्याशी थोडा वाद घालायचा आहे. व्रण दिसण्यापूर्वी एक-दोन दिवस त्या जागी चुरचुर सुरू झालेली असते, म्हणजे आवरणाखाली प्रक्रिया चालू झालेली असते. त्या वेळी आपण टोमॅटो खाल्ला तर तो झोंबतो. दुसऱ्या दिवशी तिथे व्रण दिसतो आणि टोमॅटोवर ठपका येतो. वास्तविक टोमॅटोने व्रण केला नाही, त्याने आधीच सुरू झालेला व्रण दाखवून दिला. तो गुन्हेगार नाही, साक्षीदार आहे. पुढच्या वेळी लिंबू साक्षीदार होते, त्यानंतर चॉकलेट, आणि सोडण्याच्या पदार्थांची यादी अशीच लांबत जाते. काही जणांना विशिष्ट पदार्थांनी, जसे अक्रोड, चॉकलेट, आंबट फळे, दालचिनी किंवा बेन्झोएट हे टिकाऊपणासाठीचे रसायन असलेली पेये यांनी, खरोखर व्रण होतात हे मी नाकारत नाही. पण त्याची परीक्षा एकच: पदार्थ चार ते सहा आठवडे पूर्ण बंद करावा, तोंड पूर्ण बरे असताना तो एकटाच पुन्हा सुरू करावा, आणि दोनदा असे करून दोन्ही वेळा व्रण आला तरच त्याला दोषी धरावे. एका वेळी पाच पदार्थ सोडले तर उत्तर कधीच मिळत नाही. ही परीक्षा न देता सोडलेले पदार्थ आपण पुन्हा सुरू करावेत असे माझे मत आहे, कारण अतिपथ्याने पोषण कमी झाले तर वर सांगितलेल्या कमतरता आपणच ओढवून घेऊ.

टूथपेस्ट बदलली हे ठीक, पण कोणत्या घटकासाठी बदलली? बहुतेक पेस्टना फेस येतो तो सोडियम लॉरिल सल्फेटमुळे, आणि हा घटक आवरणावरचा संरक्षक थर सैल करतो. १९९०च्या दशकात नॉर्वेमध्ये झालेल्या लहान चाचण्यांत तो नसलेली पेस्ट वापरणाऱ्यांचे व्रण कमी झाले. नंतरच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. माझ्या रुग्णांपैकी काहींना चांगला फरक पडतो आणि काहींना काडीचाही नाही. नव्या पेस्टच्या वेष्टनावर हेच नाव असेल तर आपण फक्त चव बदलली आहे. ते नसलेली पेस्ट तीन महिने वापरून पाहा. करून पाहण्यात तोटा काहीच नाही.

ताणाचे काय? परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांची गर्दी वाढते हे मी दर वर्षी पाहतो. ताणाने प्रतिकारशक्तीचा तोल बिघडतो हे एक. त्याचबरोबर ताणात माणूस गाल चावतो, झोपेत दात आवळतो, जेवण टाळतो आणि अपुरा झोपतो, हेही विसरू नये. मात्र ‘ताण घेऊ नका’ एवढे सांगून रुग्णाला परत पाठवणे मला पटत नाही. इतर शोध घेऊन झाल्यावर ताणाचे नाव घ्यावे, शोध टाळण्यासाठी नव्हे.

संप्रेरकांचा संबंध काही स्त्रियांत स्पष्ट असतो: पाळीपूर्वीच्या आठवड्यात व्रण येतात आणि गरोदरपणात ते जवळजवळ नाहीसे होतात. आपले चक्र महिना-दीड महिन्याचे आहे, त्यामुळे पाळीच्या तारखा शेजारी लिहून पाहाव्यात. आणखी एक विचित्र निमित्त म्हणजे धूम्रपान सोडणे. धूम्रपान करणाऱ्यांच्या तोंडाचे आवरण जाड होते आणि त्यांना हे व्रण कमी येतात. सोडल्यावर ते उसळतात. एक तरुण दुसऱ्या आठवड्यात तोंडभर व्रण घेऊन आला आणि ‘सिगारेटच बरी होती’ म्हणाला. हा त्रास बहुधा काही आठवड्यांत ओसरतो आणि त्यासाठी परत सुरुवात करणे हा शुद्ध तोट्याचा सौदा आहे, हे त्याला पटवायला अर्धा तास लागला.

तिसऱ्या डॉक्टरांनी पोटाचे नाव घेतले. पोट साफ न होण्याने तोंड येते ही समजूत सर्वत्र आहे, पण बद्धकोष्ठ हे या व्रणांचे कारण नाही. आतड्यांचे काही विकार मात्र खरोखर तोंडात आधी दिसतात. सीलिअ‍ॅक विकारात गव्हातल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याचे आवरण खराब होते, लोह आणि फोलेट शोषले जात नाही, आणि कित्येकदा वारंवार येणारे व्रण हेच त्याचे एकमेव बाह्य लक्षण असते. म्हणूनच आपण गहू अद्याप सोडलेला नाही ही फार चांगली गोष्ट आहे. रक्तातली टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज प्रतिपिंडांची तपासणी गहू खात असतानाच करायची असते. आधी सोडला तर अहवाल निर्दोष येऊ शकतो आणि निदान वर्षानुवर्षे हुकते. वारंवार जुलाब, शौचातून रक्त, पोटात कळा किंवा वजन घटणे असेल तर क्रोन आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्यांना दीर्घकाळ सूज आणणाऱ्या विकारांचा शोध घ्यावा लागतो. व्रण तोंडाबरोबर जननेंद्रियांवरही येत असतील आणि डोळे लाल होऊन दुखत असतील, तर तुर्की त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेत यांनी १९३७ साली वर्णन केलेल्या आणि त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराचा विचार करून विनाविलंब तज्ज्ञांकडे जावे, कारण त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो. आपण यांपैकी काही लिहिलेले नाही, पण हे लाजेखातर न सांगितले जाणारे लक्षण आहे, म्हणून स्पष्ट विचारतो. औषधांपैकी हृदयविकारावरचे निकोरँडिल, संधिवातावरचे मेथोट्रेक्सेट आणि काही वेदनाशामके यांनीही तोंडात व्रण होतात. औषध सुरू झाल्यानंतर व्रण सुरू झाले असतील तर ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगावे, स्वतः बंद करू नये.

तर आपण आता करायचे ते असे. आधी वर सांगितलेल्या रक्ततपासण्या, सोबत सीलिअ‍ॅकची, आणि दंतवैद्याकडून धारदार कडांची पाहणी. मग तीन महिने एक साधी वही. चुरचुर सुरू झाली त्या दिवसाची तारीख, व्रणाची जागा, पाळीची तारीख, आणि मुख्य म्हणजे चुरचुर सुरू होण्यापूर्वीच्या दोन दिवसांत काय घडले: ब्रश लागला का, गाल चावला गेला का, जागरण झाले का. बहुतेक रुग्ण व्रण दिसल्याच्या दिवशीचे जेवण लिहून आणतात आणि त्याचा उपयोग होत नाही. महत्त्वाचे असते ते आदल्या दोन दिवसांचे.

उपचारांबद्दल आपण विचारलेले नाही, म्हणून थोडक्यात. चुरचुर सुरू होताच, व्रण पुरता उमटण्यापूर्वी, जागा कापसाने कोरडी करून रात्री झोपताना ट्रायअ‍ॅमसिनोलोनचा तोंडासाठीचा लेप लावल्यास व्रण लहान राहतो आणि लवकर भरतो. तो लेप डॉक्टरांना विचारून घ्यावा. दुखण्यासाठी लिडोकेनचे जेल चालते. व्रणावर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून धरणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने आवरण भाजते आणि एका व्रणाच्या जागी दुप्पट मोठा व्रण होतो. फार वारंवार येणाऱ्या व्रणांसाठी पोटातून घ्यायची औषधे आहेत, पण ती देखरेखीखालीच घ्यायची असतात आणि आपल्यावर ती वेळ आली आहे असे वर्णनावरून वाटत नाही.

एका गोष्टीत मात्र थांबू नये. कोणताही व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, विशेषतः तो एकटा असेल, दुखत नसेल, कडा कडक लागत असतील किंवा मानेत गाठ जाणवत असेल, तर तो अ‍ॅफ्थस समजून लेप लावत बसू नये; तो कर्करोग नाही याची खात्री तपासणीने करून घ्यावी. तसेच पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच तोंड वारंवार येऊ लागले, तर तोही नेहमीचा प्रकार समजू नये.

राहिला मुलीचा प्रश्न. आपल्याला त्रास आहे म्हणून तिला होण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त आहे, आणि तिच्या वडिलांनाही असेल तर ती आणखी वाढते. पण होईलच असे नाही. आतापासून तिचे पदार्थ बंद करू नयेत. मऊ ब्रश, हलक्या हाताने घासणे आणि सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली पेस्ट एवढे पुरे. तिला कधी व्रण आले तर सोबत ताप आहे का, घसा लाल आहे का आणि मानेतल्या गाठी सुजल्या आहेत का, हे पाहून तारखेसह लिहून ठेवावे. ताप आणि व्रण ठरावीक दिवसांच्या अंतराने, जसे दर तीन-चार आठवड्यांनी, एकत्र येत राहिले तर तो आपल्यासारखा साधा त्रास नसू शकतो. ती वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावे, आणि शक्य असल्यास रक्तगणना ताप असतानाच करून घ्यावी.